बाळीचा मान

सासऱ्यांच्या फॅमिली ग्रुपवर मी 'भिकबाळी मीच घालणार' असं ठोकून दिलं, तेव्हा माझ्या कानाला विचारायचं राहूनच गेलं.

मेव्हण्याचं लग्न चार दिवसांवर आलेलं. सासऱ्यांच्या, म्हणजे मधुकररावांच्या घरची रीत अशी, की लग्नात बायकोच्या पणजोबांची मोत्यांची भिकबाळी जावयाने उजव्या कानात वरती घालायची. जो घालेल, बाळी त्याची. मी मागे सरकलो असतो तर ती माझ्या साडूला, जितेंद्रला गेली असती. (अन् मग तो जन्मभर मान तिरपी करून फोटो काढत बसला असता. मला ते सहन झालं नसतं.)

तेव्हापासून जिवाला चैन नाही. ऑफिसात फाईल उघडली की हात कानाकडे. तासाभरात तीन चहा! शेवटी बायकोनेच, उत्तराने, मला ओढत इतवारीच्या सराफा बाजारात नेलं.

कान टोचणाऱ्या विश्वनाथ सोनारांनी माझा कान चिमटीत धरून उलटासुलटा केला अन् मान हलवली.

"साहेब, तुमच्या कानाले वरतून घडीच नाही. पापडासारखा सपाट आहे. बाळी बसन कुठं? कवळं हाड ठणकत राहीन, वेगळंच."

"मग डावा पाहा ना!"

"तो बी तसाच."

(खरं सांगतो, सुईच्या भीतीने अर्धा मेलेला मी आतून नाचत होतो. पण जितेंद्र डोळ्यांसमोर आला.)

"टोचा! होऊ द्या काय व्हायचं ते!"

"अन् कान पिकला तर? मी नाही टोचत." सोनार उत्तराकडे वळले. "ताई, केस मागे घ्या जरा. वा! घडी पाहा कशी गोल आहे! बाळीले असा कान लागते."

उत्तरा खुर्चीत बसलीसुद्धा. "टोचा. माह्या पणजोबांची बाळी, जावयाच्याच कानात काहून पाहिजे?"

"अवं, बाबांना विचार तरी..."

"तुम्ही फक्त माहा हात धरा."

मी हात धरला. सोनारांनी सुई काढली. एवढंच आठवतं. डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर होतो, अन् काउंटरच्या कोपऱ्याने माझं कपाळ फुटलं होतं.

लग्नात उत्तराच्या कानात बाळी अशी शोभली, की मधुकररावांचे डोळे भरून आले. मी मांडवात खांबामागून खांबामागे फिरत होतो, तरी त्यांनी गाठलंच.

"जावईबापू, कान तर हिनं टोचला. मग टाके तुमच्या कपाळाले काहून?"

मी तोंड उघडायच्या आत उत्तरा म्हणाली, "बाबा, ते मले धीर देऊन राहिले होते."