एक गाडी, एक चावी

हिराआत्याला गाडी चालवता येत नाही. गाडीत बसली तरी पूल आला की ती डोळे मिटते आणि सीट घट्ट धरून ठेवते. पण गाडीची चावी मात्र सदा तिच्या कनवटीला. आंघोळीला जाताना तेवढी चावी देवापुढे जाते. बाहेर आली की आधी चावी खोचणार, मग केस पुसणार.

ती माझ्या नात्याची नाही. सगळा कोळीवाडा तिला आत्या म्हणतो म्हणून मीही म्हणते. आमची दारं समोरासमोर. तिचा सुक्या मासळीचा धंदा आहे आणि माल निवडायला, भरायला मी तिच्याकडे जाते. बोलायचं काम ती करते, ऐकायचं मी. त्यामुळे आमचं चांगलं जमतं.

गाडी म्हणजे एक पांढरी व्हॅन. पनवेलच्या एका माणसाकडून जुनी घेतलेली. मागच्या सीट काढून टाकल्या आणि तिथे बोंबील, जवळा, वाकट्या यांच्या गोण्या रचल्या. आता तिला असा वास आहे की गाडी कुठे उभी आहे हे विचारावं लागत नाही, वाऱ्यावर कळतं. गाडी आत्याच्या नावावर, चालवतो तिचा मुलगा जनू. माणगाव, तळा या गावांच्या बाजाराला तोच माल नेतो, कारण आत्याचे गुडघे आता प्रवासाला तयार नसतात.

आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. गाडी आत येणार कुठून? ती रोडला उभी असते, मालाच्या शेडजवळ. जनूही तिथेच राहतो, शेडसमोरच्या बिल्डिंगमध्ये. लग्न झालं तेव्हा आत्याची एक खोली तिघांना पुरेना, म्हणून सुनेने, प्रीतीने, रोडला खोली बघितली. भांडण असं झालं नाही. आत्या फक्त म्हणाली, "जावा. मना काय, मी आनि माजे बोंबील." आणि तेव्हापासून तिने नियम केला. एक गाडी, एक चावी, आणि ती चावी तिच्या घरात.

म्हणजे जनूने काय करायचं? घराबाहेर पडलं की समोर गाडी. तिच्याकडे पाठ करायची, समुद्राच्या बाजूने गल्लीच्या पार शेवटच्या घरापर्यंत चालत यायचं, चावी घ्यायची आणि तेवढंच परत जायचं. संध्याकाळी गाडी लावली की पुन्हा गल्ली, पुन्हा आत्याचं दार, चावी जमा.

शिवाय ती चावी सहज मिळत नाही.

"आये, चावी."

"कसली चावी?"

"गाडीची."

"कुठं निंगालास?"

"माणगावला. बाजार हाय ना आज."

"आज काय वार हाय?"

तिला सगळं ठाऊक असतं. गोण्या तिनेच भरून ठेवलेल्या असतात. पण बोलता बोलता चहा उकळतो, कप भरतो, जनू उंबऱ्यावर टेकतो, चहात बुडवून पाव खातो, बायकोला सर्दी झाली का, गाडीचा आवाज गेला का, सगळं सांगून होतं, आणि मग कनवटीची गाठ सुटते. चहा संपायच्या आधी ती गाठ सुटलेली मी कधी पाहिली नाही.

चावीला तिने जाळ्याचा एक लहान बोया बांधला होता. चावी बोटाएवढी आणि बोया मुठीएवढा.

"पान्यात पडली तर तरंगाला नको?" ती म्हणायची.

"आये, गाडी रोडवरनं जाते. होडी हाय काय ती?"

"रोड कवा पान्याखाली जातो ता मना नको शिकवू."

प्रीती बोलायला गोड आहे. सणाला आली की हळूच विषय काढायची. "आई, दुसरी चावी करून घेऊ या ना. यांचा सकाळचा किती वेळ जातो."

"एका होडीवर दोन तांडेल झाले तर काय व्हईल?" आत्या विचारायची. "एक म्हनल जालं टाक, दुसरा म्हनल थांब. मासली जाईल निंगून. गाडीचा बी तसाच."

"अहो पण चावी चोरीला गेली तर?"

यावर जनूच हसायचा. "कोन चोरनार गो? चोर पुढच्या नाक्यावर नाक धरून उतरल."

मग ती चावी खरंच गेली. आणि गेली ती आत्याच्याच हातून.

त्या दिवशी बाजार नव्हता. आम्ही दोघी शेडमध्ये जवळा भरत होतो. खाली बसताना बोया टोचतो म्हणून आत्याने तो विळीवर कापून टाकला आणि नुसती चावी खोचली. दुपारी तळ्याच्या व्यापाऱ्याचा टेंपो आला, गोण्या चढल्या, टेंपो गेला. संध्याकाळी आत्या आंघोळीला निघाली, देवापुढे चावी ठेवायला कनवटीला हात घातला, आणि तशीच उभी राहिली.

आम्ही शेडमधला उरलेला सगळा जवळा चाळून काढला. एक फुटकी बांगडी निघाली, शर्टाचं एक बटण निघालं. चावी नाही. मग व्यापाऱ्याला फोन लावला.

"शेट, जवल्यात माजी चावी आयलीय काय ती बगा."

"आत्या, तो माल दुकानादुकानांत वाटूनसुद्धा झाला."

"मंग त्यांना सांगून ठेवा, चटनी करताना सांबालून."

जनूला बोलावलं. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "राव दे आये. नवी करू." तेवढ्यात प्रीतीचा फोन आला, आणि आम्हाला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "आता तरी दोन करा." आत्याने ऐकलं, पण न ऐकल्यासारखं करून ती चूल पुसत बसली. रोज पुसते त्यापेक्षा फार वेळ पुसली.

दुसऱ्या दिवशी जनू दुसऱ्याच्या टेंपोत माल घालून बाजाराला गेला, आणि आत्या मला घेऊन एसटीने अलिबागला. "त्याच्यावर सोडला तर दोन करून आनल," ती म्हणाली.

बाजारात चावीवाल्या नझीरभाईंची टपरी आहे. समोर फळीवर नाना तऱ्हेच्या चाव्या टांगलेल्या. गाडीचे कागद बघितल्याशिवाय ते पुढे बोलत नाहीत. ते बघून झाले, आणि आत्याने एकेका चावीची चौकशी सुरू केली.

"ही साधी," नझीरभाई म्हणाले. "नुसतं लोखंड. जुन्या जीपगाड्यांना चालते. तुम्ही बसल्या बसल्या घासून देतो."

"तीच द्या मंग."

"तुमच्या गाडीला नाही चालणार. तुमची ही, चिपवाली. दिसायला तशीच, पण हिच्या डोक्यात चिप असते. दांडा कितीही बरोबर कापला तरी गाडीने चिप ओळखली पाहिजे, तरच चालू होते."

"गाडी वलखते?"

"ओळखते."

"मंग माज्या पोराला वलखत आसल की. रोज तोच तर बसतो."

नझीरभाईंनी पुढची चावी काढली. बटण दाबलं की आतला दांडा टणकन बाहेर. आत्याने ती घेतली, मिटली, उघडली, परत मिटली. "चिंबोरीवानी हाय गो," ती मला म्हणाली. चिंबोरी म्हणजे आमच्याकडचा खेकडा. दोन-तीन वेळा खेळून तिने ती नाइलाजाने परत दिली.

"आणि ही नव्या गाड्यांची," नझीरभाई म्हणाले. त्यांच्या हातात नुसती काळी डबी होती. "हिला दांडा नाही. खिशात ठेवायची. गाडीजवळ गेलं की दार उघडतं, बटण दाबलं की गाडी चालू."

"फिरवाला न्हाय लागत?"

"फिरवायला नाही, खिशातनं काढायलासुद्धा नाही."

आत्याने ती डबी उलटसुलट बघितली आणि फळीवर ठेवून दिली. "मंग कोनी कोनाकडं मागायचा काय?" ती म्हणाली.

नझीरभाई हसले. मला हसू आलं नाही.

हातात जुनी चावी नसल्यामुळे ते मशीन घेऊन गाडीकडेच येणार होते. "दोन करून घ्या मावशी. मशीन लावलं की दुसरीला फार काही पडत नाही."

"एक."

"सगळे दोनच करतात."

"सगल्यांचा मना काय करायचाय?"

परतीच्या एसटीत तिने खिडकीची जागा धरली. चौलच्या वाड्या लागल्या, सुपारीची झाडं मागे पडू लागली, तेव्हा खिडकीकडे बघतच म्हणाली, "सुमन, दोन केल्या तर तो रोडवरनंच निंगून जाईल गो. वायट न्हाय हाय तो. पन कशाला येल? माज्याकडं दुसरा हाय काय त्याला लागनारा?"

मी तिच्या मांडीवरची पिशवी माझ्याकडे घेतली.

सकाळी नझीरभाई स्कूटरवर पेटी बांधून आले. आत्याने त्यांना, जनूला आणि मला प्रत्येकाला वेगवेगळं गाठून "एकच" म्हणून सांगितलं, आणि पाहुण्याला चहा करायला गल्लीतून घरी गेली. नझीरभाईंनी पातळ पट्टीने दार उघडलं. कुलपात डोळा घालून घालून दांडा कापला. मग स्टिअरिंगखाली वायर जोडली. उन्हात मशीनवरचं दिसेना म्हणून मी छत्री धरून उभी राहिले.

त्यांनी मशीनकडे बघितलं, मग जनूकडे. "यात दोन चाव्या नोंदलेल्या आहेत."

जनू काचेवरची धूळ बोटाने पुसू लागला.

"एक हरवली. मग दुसरी कुठं आहे? ती असती तर मला बोलवायलाच नको होतं."

जनूने आधी गल्लीकडे बघितलं. गल्लीत कोणी नव्हतं. मग माझ्याकडे बघितलं. "घरात हाय," तो म्हणाला. "ज्यानं गाडी विकली, त्याला मागनं सापडली. त्यानं आनून दिली. झाली दोन वर्सं."

मी जनूकडे वळले तशी छत्रीही वळली. नझीरभाई म्हणाले, "सावली, ताई, सावली." मी पुन्हा नीट धरली. डोक्यावर गोणपाट घेऊन भर पावसात गल्लीतून येणारा जनू मला दिसत होता. ताप असताना कानाला मफलर बांधून आलेला जनू. आणि "कसली चावी?" असं विचारल्यावर "गाडीची" असं रोज नव्याने सांगणारा.

"वयनी, आयला सांगू नको," तो म्हणाला. "प्रीतीलापन ठावं न्हाय."

मी मान हलवली.

नझीरभाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते आपल्या कामाचं बोलत होते. "मग ती चावी घेऊन या. हरवलेली बाद करायची तर आधी सगळ्याच पुसाव्या लागतात. मग ज्या हातात असतील तेवढ्या परत नोंदवता येतात. ती आत्ता आणली नाहीत, तर तिच्याने पुन्हा गाडी चालू होणार नाही. घर लांब आहे का?"

घर समोरच होतं. प्रीतीने वाळत घातलेला जनूचा शर्ट आम्हाला तिथून दिसत होता.

"पुसा," जनू म्हणाला.

"अहो, तिचे वेगळे पैसे नाही घेत मी. जाऊन आणा."

"नको. नवी तेवढी ठेवा. बाकी पुसून टाका."

नझीरभाईंनी माझ्याकडे बघितलं. बाईमाणूस तरी शहाणपणाचं काही बोलेल असं त्यांना वाटलं असेल. मी छत्री आणखी खाली धरली, म्हणजे त्यांना नीट दिसावं. त्यांनी बटण दाबलं. मशीन एकदा वाजलं, आणि नव्या चावीने गाडी चालू झाली.

आम्ही तिघं गल्लीतून घरी आलो तर आत्या दारातच उभी होती. "झाली काय?"

जनूने चावी तिच्या हातावर ठेवली.

"हीच एक?"

"हीच एक."

तिने नझीरभाईंकडे बघितलं. "व्हय काय?"

"एकच, मावशी. दुसऱ्या कुठल्या चावीने आता ही गाडी चालायची नाही."

आत्याने चावी पदराने पुसली, देवापुढे नेऊन तिला हळदकुंकू लावलं आणि कनवटीला बांधली. नझीरभाईंना चहा मिळाला, वर कागदात बांधलेले बोंबील मिळाले, आणि ते गेले.

जनू उंबऱ्यावर बसूनच होता.

"आता कुठं निंगालास?" आत्याने विचारलं.

"कुठं न्हाय."

"मंग चावी कशाला पायजे?"

"चावी कुठं मागितली मी? बसलोय."

आत्याने माझ्याकडे बघितलं, जसं काही यातली खोच मी तिला सांगणार होते. मी खाली बघून चटईची काडी सरळ करत राहिले.

"घरी वाट बगत आसल ती," आत्या म्हणाली.

"फोन केलाय तिला. ती बी येतेय. जेवून जातो आमी."

आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. आतून तांदूळ धुतल्याचा आवाज आला. पुष्कळ वेळ येत राहिला. मी उठून माझ्या घरी आले.