चमनचं घड्याळ रश्शात पडलं त्याची गोष्ट

यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर उद्यापासून माझी एक भाकरी फुगायची नाही!

पापाच्या तिकटीजवळ चमन घड्याळजी बसायचा. त्यानं नऊ वर्षं खपून एक मनगटी घड्याळ बनवलं. चाकं, काटे, स्क्रू, सगळं स्वतःच्या हातचं. २००२ साली ते बाळासो आचाऱ्यानं हट्टानं विकत घेतलं. चमननं शब्द दिला, "शंभर वर्षांनीबी कुठलाबी कारागीर खोलंल न् चालू करंल."

शंभर कुठली, चौथ्याच महिन्यात पट्टा तुटला आणि घड्याळ तांबड्या रश्शाच्या पातेल्यात! बाळासोनं झाऱ्यानं काढलं. वास जाईना म्हणून साबणानं घासलं. पाणी शिरलं म्हणून तव्यावर वाळवलं. मग ते थांबलं, आणि हा बोंबलत चमनकडं आला.

चमनचे हात तोवर कापायला लागले होते, बारीक काम होईना. तो बाळासोला घेऊन, जीव मुठीत धरून समोरच्या बोळात पिराजीकडं गेला. पिराजीबी घड्याळजीच, पण आता नुसते सेल बदलायचा.

"चमन, कंपन्यांचं पार्ट मिळंना झाल्यात. तुझ्या घरच्या यंत्राला काय चपलंचा खिळा लावू?"

"उघड की."

"न्हाय जमलं तर?"

"तर नऊ वर्षं पाण्यात गेली म्हणायची."

"रश्शात," बाळासो पुटपुटला.

पिराजीनं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि आणखी जवळ वाकला. चाकाशेजारी मुंगीच्या पायाएवढी अक्षरं कोरलेली: 'पावणं, ह्यो स्क्रू उलटा फिरतोय. जोर लावू नका.' पलीकडं: 'दांडी मोडली तर शिवायच्या सुईची करा.' झाकणाच्या आत रिकाम्या ओळी: 'दुरुस्त करणाऱ्यानं नाव घालावं.'

"चमन, हे कुणासाठी लिवलंस रं?"

"मी गेल्यावर जो येईल त्याच्यासाठी. वाटलं, कोण नातवाच्या वयाचा असंल. तू निघालास!"

दांडी मोडलेलीच होती; पिराजीनं सुई मागवली, घासून नवी दांडी केली. दुपारी घड्याळ टिकटिकलं. चमननं ते कानाशी धरून ऐकलं आणि परत पिराजीच्या हातात दिलं. पिराजीनं टोपी काढली, पहिल्या ओळीवर आपलं नाव कोरलं. गहिवरून त्याच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहत होतं.

आता एवढं कबूल करते, गहिवर माझ्या पदरचा. चाकांत रश्शाची तिखट तर्री मुरलेली, तिला लागलेलं बोट त्यानं डोळ्याला लावलं होतं. टोपी मात्र त्यानं खरंच काढली.