हात थांबला की डाग

बायकोने यंदा शेवटचं सांगितलं होतं. "रविवारपर्यंत जेवायचं टेबल झालं नाही, तर मी प्लॅस्टिकचं आणते." सुताराच्या घरात प्लॅस्टिकचं टेबल! नाकच कापलं गेलं असतं की हो. म्हणून शनिवारी, आठवडाभर लोकांची कामं करून मोडलेली पाठ घेऊन, सुतार मागच्या पडवीत स्वतःच्या टेबलाच्या कडा गोल करायला उभा राहिला.

कडा गोल करणाऱ्या राउटर मशीनचा नियम एकच. लाकूड टणक असलं की हात थांबवायचा नाही. थांबला, की पातं तिथेच घासत राहतं आणि कड जळून काळी पडते. हे त्याने तीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं होतं.

"अहो, चहा!"

हात थांबला. डाग.

"अहो, चहा निवला!" दुसरा डाग.

"अहो, माझा चष्मा पाहिलात का?"

"डोक्यावर बघ!" तिसरा.

"अहो, सापडला!"

चौथा. सुताराने मशीन बंद केलं आणि आत जाऊन हात जोडले. "बाई गं, दोन तास मला हाक मारू नकोस."

"नाही मारत. माझं काय अडलंय?" ती फणकारली.

त्याने चारही कडा पुन्हा तासल्या. टेबल बोटभर लहान झालं, पण डाग गेले. मग पुन्हा मशीन लावलं. आता गोल करायची फक्त शेवटची कड उरली होती. आत भांडं वाजत नव्हतं, नळ वाहत नव्हता. इतका वेळ ही बाई गप्प? आजवर असं झालं नव्हतं. पडली की काय कुठे? त्याने जीव मुठीत धरून कान दिला.

जळका वास आला तेव्हा कड बोटभर काळी झाली होती. तो तसाच आत धावला. ती घड्याळासमोर बसली होती.

"अजून सात मिनिटं आहेत," ती म्हणाली.

रविवारी टेबल लागलं. आणखी तासलं असतं तर पाट झाला असता, म्हणून डाग राहिला. तिने त्यावरून बोट फिरवलं. "आता हा कसला? मी तर हाकही मारली नव्हती."

"म्हणूनच," सुतार थकून म्हणाला.

 आपली खुर्ची ओढून तिने त्या डागापाशी मांडली. मग स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, चहा!"