बरणी हलवू नका!

मिरचीचे देठ. हिरवेगार, ताजे, तोऱ्यात उभे.

इमारतीबाहेर हिरवळीवर जमलेली माणसं. एकाच्या हातात अर्धं सँडविच, एकाच्या पायात एकच बूट.

आत्याचा आवाज: "अगं, डोळे मिटून लागतं!"

तोंडाला फडकं बांधलेली एक बरणी.

आणि विमानतळावरचं माझं भाषण: "बाबा, बघाच तुम्ही! मी परत येईन तोवर एखाद्या जिवाणूला माझं नाव दिलेलं असेल!"

या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आहे. तो लावायला माझी अख्खी दुपार गेली. तुमचं पाच मिनिटांत होईल.

तर, परदेशातलं एक विद्यापीठ उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतल्या मुलांना बोलावतं आणि खऱ्या प्रयोगशाळेत काम करू देतं. मी जिवाणूंचा विभाग निवडला तो एका यंत्रासाठी. तळमजल्यावर काचेच्या खोलीत एक सूक्ष्मदर्शक होता, कपाटाएवढा! शेवटच्या शुक्रवारी प्रत्येकाला तो एकट्यानं हाताळायला मिळणार होता. मी रोज जेवायला जाताना त्या काचेला नाक लावून उभी राहायचे. अट एकच. प्रयोगशाळेचा नियम मोडला, की पाळी रद्द.

नियम सांभाळायला होत्या नियमताई. हे नाव अर्थातच मी ठेवलेलं. चेहरा असा, की घड्याळानंही त्यांना विचारून पुढे सरकावं.

"पाण्याची बाटली आत नाही. खायचे पदार्थ आत नाहीत. नखं कुरतडायची नाहीत."

"आणि शिंक आली तर?" मी विचारलं.

"बाहेर जायचं."

"मॅडम, तेवढा वेळच मिळाला नाही तर?"

"तू फार प्रश्न विचारतेस!"

हे त्या कौतुकानं म्हणाल्या, असं मी घरी फोनवर सांगितलं. घरी फोन म्हणजे आत्या आणि बाबा एकाच पडद्यात, प्रत्येकाचा अर्धा अर्धा चेहरा.

"जिवाणू शिकतेयस ना चिमणे? मग मिरचीच्या देठांचं बघ," आत्या म्हणाली. "घरात विरजण नसलं तर कोमट दुधात देठ टाकायचे. अगं, डोळे मिटून लागतं दही!"

"ताई, काहीतरीच काय! देठ काय गवळ्याच्या घरचा आहे?" बाबा मध्येच म्हणाले.

"तू गप्प बस. तुला चहा धड जमत नाही. चिमणे, तूच करून दाखव गं याला."

"दाखव, दाखव. नासलेलं दूध मलाही बघायचंय!"

आता मला सांगा, असं काही कानावर पडल्यावर झोप लागते का माणसाला? आठवडाभर माझ्या डोक्यात देठच देठ. मुळात देठातच का? मिरचीत का नाही? आणि देठात कोण बसलंय? शेवटी बाजारातून मिरच्या आणल्या, वसतिगृहात दूध तापवून कोमट केलं, देठ सोडले. पण खोली कशी? शीतकपाटाची धाकटी बहीण! तिथे दही लागणं सोडा, माझे दातच एकमेकांवर लागत होते.

ऊब होती फक्त प्रयोगशाळेतल्या उबवणयंत्रात. आत जिवाणूंना हवी तेवढी, दिवसभर, फुकट.

खायचे पदार्थ आत न्यायचे नाहीत, हे मला पाठ होतं. पण मी ते खाणार कुठे होते? म्हणजे तो पदार्थ नव्हता, नमुना होता! असा बिनतोड युक्तिवाद करून सकाळीच बरणी खालच्या फळीवर, सगळ्यांच्या मागे सरकवून दिली.

दुपारी नियमताईंनी यंत्राचं दार उघडलं.

"हे कुणाचं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मीही बघितलं. शुक्रवार डोळ्यांसमोर उभा होता, कपाटाएवढा.

"ना नाव, ना तारीख! आणि हे आत हिरवं काय आहे?"

"वाढतंय वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे भिंतीला चिकटले.

नियमताईंनी हातमोज्यांवर हातमोजे चढवले, बरणी उचलली, आणि तळ बघायला हळूच तिरकी करायला लागल्या.

इथे घात झाला. ज्या घरात दही लागत असताना कपाटसुद्धा आपटू देत नाहीत, त्या घरातली मी. बुद्धीला विचारायच्या आधीच तोंडून निघून गेलं, "हलवू नकाऽऽ!" एकदा मराठीत आणि लगेच त्यांच्या भाषेत.

नियमताईंचा पुतळा झाला.

"हलवलं तर... काय होईल?"

"सगळं बिघडेल!" मी खरं तेच सांगितलं.

भिंतीपाशी कुणीतरी लाल बटण दाबलं. भोंगा वाजला. पोरं पळाली, जिने भरले, इमारत रिकामी झाली. आत उरलो तिघं. बरणी, ती खाली ठेवायलासुद्धा घाबरणाऱ्या नियमताई, आणि त्यांना तशा टाकून जायला लाज वाटणारी मी.

दाराबाहेरून सुरक्षारक्षक ओरडला, "आत काय आहे?"

"दूध!"

"आणखी काय?"

"मिरचीचे देठ!"

मग खालच्या आवाजात, "नीट सांग पोरी. तुला कुणी हे बोलायला लावलंय का?"

"हो, आत्यानं!"

"ती आत्ता कुठे आहे?"

"घरी!"

"किती वेळ हलवायचं नाही?" नियमताईंनी ओठही न हलवता विचारलं.

"संध्याकाळपर्यंत."

त्यांनी डोळे मिटले. मग मात्र माझा धीर सुटला. देठ, आत्या, बाबा, थंड खोली, सगळं भडाभडा ओकले. आता बरणी माझ्या डोक्यात बसणार, अशा तयारीनं मान खाली घातली.

"फक्त देठ?" नियमताईंचा आवाज आला. "विरजण थेंबभरही नाही?"

"नाही."

"आत्या म्हणते लागतं?"

"डोळे मिटून, म्हणते."

"आणि वडील?"

"नासेल म्हणतात."

नियमताईंनी बरणीत डोकावून बघितलं. मी त्यांना पहिल्यांदाच कशाकडे तरी नियम सोडून बघताना पाहत होते. मग झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तशी त्यांनी बरणी परत यंत्रात ठेवली, दार चिमटीनं लावलं आणि म्हणाल्या, "तुझी पाळी रद्द."

"हो, मॅडम."

"बरणीची नाही."

दही लागलं! नियमताईंनी बरणी आडवी करून दाखवली. थेंब हलला नाही. शुक्रवारी माझ्या वेळेला माझा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली गेला. आत नियमताई, बाहेर मी. पडद्यावर काहीतरी दिसलं तशा त्या खुर्चीतून उठल्याच आणि मला खुणेनं म्हणाल्या, जवळ ये! गेले. आणखी जवळ! गेले. इतकी जवळ गेले की माझ्याच श्वासानं काच धुरकट झाली. पुसली, पुन्हा धुरकट. मधल्या फटीतून आडव्यातिडव्या काड्यांची गर्दी दिसली न दिसली, तोवर वेळ संपला.

मी तडक घरी फोन लावला. "आत्या, लागलं!" आत्यानं बाबांना जे काही ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. बाबा "असेल," एवढंच म्हणाले.

पुढे कळलं, मी बाजारातून मिरच्या आणल्या त्याच्या आदल्या दिवशी बाबांनी घरी गुपचूप देठ घालून दूध ठेवलं होतं, ते छान लागलं होतं, आणि आत्या उठायच्या आत त्यांनी ते उभ्याउभ्या खाऊन टाकलं होतं.