द्वारकाअक्कांसाठी दोन हात रस्ता

मुलांनो, एका जंगलात रस्ता एकच होता. नदीपासून निघायचा आणि टेकडीवर संपायचा.

पूर्वी सगळे प्राणी त्यावरून पायी जात. मग गाड्या आल्या. सशाने गाडी घेतली, कारण धावून धावून त्याचे पाय दुखत. कासवाने घेतली, कारण त्याला सगळे हळूबाई म्हणत. प्रत्येक गाडीत एक प्राणी आणि तीन रिकाम्या जागा असत. आता टेकडीवर जायला सशाला पाऊण तास लागे आणि कासवालाही पाऊणच तास लागे. त्यामुळे जंगलात समता आली आहे, असे भाषणांतून सांगितले जाई.

द्वारकाअक्का मात्र सायकलवर फिरत. जातीने साळिंदर. अंगभर काटे, पण हात फार हलका. जंगलातल्या त्या एकुलत्या एक सुईण. सायकलच्या टोपलीत धुतलेली फडकी, ओवा आणि नाळ कापायचे पाते असे. गाड्यांमधून वाट काढताना त्यांच्या कोपराला आरसे लागत आणि कानाला शिव्या. एकदा त्या भेकरीकडे पोचल्या, तेव्हा पिल्लू जन्मून थंड पडले होते.

दुसऱ्या दिवशी अक्का वाहतूक समितीच्या अध्यक्षांकडे गेल्या. अध्यक्ष होते गवासाहेब.

“साहेब, मला दोन हात रस्ता द्या. जास्त नको. पण त्यावर दुसरं कुणी नको.”

गवासाहेबांना गहिवरून आले. त्यांच्या सुनेचेही दिवस भरत आले होते.

“देतो, अक्का. पण गाडीवाल्यांचाही विचार करायला हवा. तेही आपलेच.”

“करा की. त्यांना अठरा हात उरतातच.”

लगेच बैठक बोलावली. सगळे सभासद आपापल्या गाडीने निघाले, म्हणून बैठक दुसऱ्या दिवशी झाली. रस्त्याच्या कडेने दोन हातांचा हिरवा पट्टा आखायचे ठरले.

उद्घाटनाचा मांडव रस्त्यात घातला असता तर गाड्या अडल्या असत्या. म्हणून तो पट्ट्यावर घातला. मांडव दोन हात रुंद आणि साठ हात लांब झाला. पाहुणे एकामागे एक बसले. शेवटच्या पाहुण्याला फक्त पाठी दिसत होत्या, पण त्याने टाळ्या वेळेवर वाजवल्या.

अक्कांना शाल आणि नारळ देण्यात आला.

“साहेब, मला वानरिणीकडे जायचंय. कळा सुरू आहेत तिच्या.”

“असं कसं? दोन शब्द बोला, मग जा.”

“वाट सोडा,” अक्का म्हणाल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

मांडव सोडायला येणारी गाडी कोंडीत अडकली. म्हणून मांडव नऊ दिवस तिथेच राहिला. उरलेल्या पट्ट्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या. पहिली कासवाची.

“कासवराव, गाडी काढा.”

“दोनच मिनिटं, अक्का.”

“तुमची दोन मिनिटं परवापासून चालू आहेत.”

“आता माझा स्वभावच तसा, त्याला मी काय करू?”

पट्ट्याचा उपयोग किती होतो, हे मोजायचे काम समितीचे चिटणीस कोल्हे यांच्याकडे आले. ते तीन दिवस, सकाळी सात ते संध्याकाळी सात, मांडवात खुर्ची टाकून बसले. अहवाल त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिला. ‘हिरव्या पट्ट्यावर आढळलेल्या सायकली : शून्य. गाड्यांच्या रस्त्यात घुसलेली सायकल : एक, वारंवार.’

“अहो कोल्हेसाहेब, पट्ट्यावर तर तुम्हीच बसला होतात!”

“मोजणी जागेवर बसूनच करावी लागते, अक्का. घरी बसून आकडे लिहिणाऱ्यांतला मी नव्हे.”

अहवाल मंजूर झाला. कुणी वापरत नाही म्हणून पट्टा गाड्या उभ्या करायला दिला. अक्कांची सायकल अक्कांच्याच सुरक्षिततेसाठी कचेरीत जमा झाली.

त्यानंतर चौथ्या दिवशी गवासाहेबांचा ड्रायव्हर रानडुक्कर अक्कांच्या दारात आला.

“अक्का, चला! साहेबांच्या सूनबाईंना कळा लागल्यात. पिल्लू पायाळू आहे म्हणतात.”

“कधी निघालास?”

“सकाळी.”

“मेल्या, दुपार झाली!”

अक्का गाडीत बसल्या. अर्ध्या वाटेवर गाडी थांबली ती थांबलीच. समोर टेकडीवर गवासाहेबांची ओसरी दिसत होती. अक्कांनी दार ढकलले. ते चार बोटे उघडून शेजारच्या गाडीला अडले. दुसऱ्या बाजूचे तेवढेही उघडेना.

अक्कांनी काच खाली केली आणि पुढच्या गाडीतल्या सशाला हाक मारली. “अरे सशा, पुढे सांग. तिला डाव्या कुशीवर निजवा म्हणावं. पाय दिसले तरी ओढू नका. कळ येऊ द्या.”

सशाने पुढच्याला सांगितले, त्याने त्याच्या पुढच्याला. तिथून गवासाहेबांच्या दारापर्यंत एकशे बारा गाड्या होत्या आणि मध्ये एकही फट नव्हती. निरोप अचूक पोचला. प्रश्न अचूक परत आला. अशा अकरा खेपा झाल्या. ओसरीवर गवासाहेबांनी स्वतः बाह्या सरसावल्या. अक्कांनी सांगितले तेवढेच त्यांनी केले.

तिसऱ्या प्रहरी पिल्लू हंबरले. एकशे बारा गाड्यांनी भोंगे वाजवले. अडकलेल्या गाडीत अक्का डोळ्यांना पदर लावून बसल्या.

दुसऱ्या दिवशी सभा झाली. गवासाहेब बोलायला उठले.

“रांगेत एक जरी फट असती, तर निरोप तुटला असता. माझ्या नातवाला या कोंडीने वाचवलं! यापुढे रस्त्यावर रिकामी जागा राहू देणार नाही.”

ठराव एकमताने मंजूर झाला. अक्का उठून उभ्या राहिल्या.

“साहेब, मला माझी सायकल द्या. बोळातल्या चितळीचे दिवस भरलेत. तिच्या दारापर्यंत रांग नाही.”

गवासाहेबांनी मायेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काटे टोचले, तरी काढला नाही.

“पोचेल, अक्का. पुढच्या वर्षापर्यंत तिथंही पोचेल.”

तात्पर्य : रस्ता पुरेसा भरला की कुणाला कुठे जाण्याची गरज उरत नाही. तेव्हा मुलांनो, मोठे झालात की गाडी घ्या आणि पुढच्या गाडीला चिकटून उभे राहा. न जाणो, कुणाचा तरी जीव वाचेल. फक्त त्याचे घर मोठ्या रस्त्यावर हवे.