हिप्परवाडीची शिल्लक कणगी

हिप्परवाडीत धान्याच्या बाबतीत कसलीही शिस्त नाही, ही गंभीर बाब निजाम सरकारच्या ध्यानात आली, तेव्हा गावात कुणीही उपाशी नव्हतं. महायुद्ध ऐन भरात होतं, बाजारातून ज्वारी गायब झाली होती आणि उमरग्याच्या अलीकडचं हे एवढंसं गाव कुणालाही न विचारता दोन्ही वेळा जेवत होतं. सरकारला काळजी वाटणं साहजिक होतं.

गावाची मिळून एक कणगी होती. मठाच्या कोठीत उभी, शेणानं लिंपलेली, आत माणूस उतरला तर दिसू नये एवढी थोरली. सुगी झाली की ज्यानं त्यानं मनाला पटेल तेवढी ज्वारी तीत ओतायची आणि घरातलं पीठ संपलं की मुकाट्यानं न्यायची. राखणीला वीरप्पा. त्यांनी कोठीच्या दाराबाहेर भिंतीकडं तोंड करून बसायचं आणि वाखाची दोरी वळत राहायचं, हा वाडवडिलांपासूनचा रिवाज. कोण आलं, किती नेलं, हे राखणदारानं बघायचं नाही. वाटेनं जाणारेसुद्धा तेवढ्यापुरती मान फिरवत. वीरप्पांना त्या भिंतीचा पोपडा न् पोपडा पाठ झाला होता, आणि कणगी तळाला गेल्याचं त्यांच्या हयातीत कधी घडलं नव्हतं. आपल्या घरानं कणगीतला दाणा कधी उचलला नाही, याचा त्यांना भारी अभिमान होता.

महसुलाची तपासणी करत गावोगाव हिंडणारे गिरदावरसाहेब एके दिवशी घोड्यावरून थेट मठात आले. वीरप्पा पाठमोरे होते.

"पहाऱ्याला तुम्हीच काय?"

"व्हय जी."

"माल त्या बाजूला आणि तोंड या बाजूला?"

"बघितलं तर नेणाऱ्याला लाज वाटंल की, साहेब."

"आणि नाही बघितलं तर चोर नेईल!"

वीरप्पांनी प्रामाणिकपणे विचार केला. "चोराला बी भूक लागतच आसंल," ते म्हणाले.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अन्नाच्या इंतजामात रयतेनं सामील व्हावं असा वरून हुकूम आहे. इथं रयत सामील झालेली बिलकुल दिसत नाही." दिसू नये म्हणूनच सगळा गाव आजवर मान फिरवत आला होता, पण हे साहेबांना सांगणार कोण?

तिथल्या तिथं अंजुमन, म्हणजे कणगीची समिती, स्थापन झाली. पंच नेमले गेले आणि वीरप्पांना सदर, म्हणजे अध्यक्ष, करण्यात आलं. त्यांच्या डोक्याला जरीकाठी रुमाल बांधून साहेबांनी पहिला नियम सांगितला, की सदरानं यापुढं तोंड आत करून बसावं. पहिले काही दिवस वीरप्पांना चोरट्यासारखं वाटलं. पण जो तो 'सदरसाहेब, सदरसाहेब' करू लागला, तसं त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दुसरा नियम असा, की ज्याला ज्वारी हवी त्यानं पंचांसमोर उभं राहून आपण उपाशी असल्याचं सांगावं आणि पंचांनी घरी जाऊन चूल थंड असल्याची खात्री करावी.

पहिल्यांदा आली धुरपताबाई. मेंढरं राखून पोट भरणारी विधवा. तोंडानं फटकळ, पण त्या दिवशी तिचा आवाज खाली होता.

"चुलीची पाहणी करावी लागंल," महांतप्पा नावाचे पंच म्हणाले.

"या की. गरिबाचं घर पावन व्हईल."

सदरांसह पंच दारात आले. दारात आलेल्या माणसांना कोरडं कसं धाडायचं? धुरपताबाईनं शेजारणीकडून उसनं पीठ आणलं, चूल पेटवली, भाकरी थापल्या आणि मिरचीच्या ठेच्याबरोबर पुढं ठेवल्या. नको म्हटलं तर बाईचा अपमान, म्हणून पंच पोटभर जेवले. मग बाहेर येऊन हात पुसत वीरप्पांनी जड अंतःकरणानं जाहीर केलं, की चूल पेटलेली आढळली व भाकरी गरम होती, सबब मागणी नामंजूर.

"आप्पा, तुमी आलाव म्हणूनच पेटवली की वो चूल!"

"ते खरं हाय बाई. पर आमी आलो न्हाय तर चूल बघायची कशी?"

आणखी काही घरांची पाहणी झाली. प्रत्येक ठिकाणी चूल पेटलेली, भाकरी गरम. पंचांच्या बाराबंद्या तटतटू लागल्या आणि मागायला येणारी माणसं हळूहळू थांबली. गावानं प्रगती केली, असं सदरांना मनापासून वाटलं.

मग एका दुपारी ते घरी जेवायला बसले, तर त्यांच्या बायकोनं, शिवम्मानं, पुढं नुसता पाण्याचा तांब्या ठेवला.

"भाकरी?"

"जवारी सपली."

"आजवर कवा सपली न्हाय ती आताच कशी सपली?"

"दर उन्हाळ्यात सपती," शिवम्मा शांतपणे म्हणाली. "तुमी भिंतीकडं तोंड करून बसत व्हताव, तवा म्या मागनं जाऊन आणत व्हते."

वीरप्पांनी उचललेला तांब्या खाली ठेवला. इतकी वर्षं मिशीवर ताव मारत आपण काय खाल्लं, ते त्यांना आज कळलं.

"मला बोलली न्हाईस कवा."

"तुमाला लाज वाटली आसती."

मग त्यांना आपण सदर असल्याची आठवण झाली. "मग पंचांम्होरं मागणी कर," ते पुटपुटले.

"आन पंच घरला आल्यावर त्येंच्यापुढं काय वाढू?"

सुगी अजून लांब होती. रुमालाखालचं डोकं भुकेनं गरगरत असतानाही वीरप्पा रोज भरल्या कणगीकडं तोंड करून बसू लागले.

गिरदावरसाहेब पुन्हा आले तेव्हा खूश झाले. ज्या अर्थी कणगीला कुणी हात लावलेला नाही, त्या अर्थी गावाला तिची गरज नाही. आणि ज्या अर्थी गरज नाही, त्या अर्थी ती शिल्लक आहे. शिल्लक न्यायला त्यांनी बैलगाड्या बरोबरच आणल्या होत्या. पण सरकार कुणावर अन्याय करत नाही. म्हणून गाव मठात जमवून त्यांनी रीतसर विचारलं, "इथं कुणी उपाशी असेल, तर त्यानं हात वर करावा."

क्षणात सगळा गाव भिंतीकडं वळला. शेजाऱ्याला लाज वाटू नये म्हणून जो तो तोंड फिरवून उभा राहिला. आणि आपल्याकडं कुणी बघत नाही अशी खात्री झाल्यावर धुरपताबाईचा हात वर गेला. महांतप्पांचा गेला, शिवम्माचा गेला. बघता बघता मठात हातच हात झाले. वीरप्पांनी आधी रुमाल सावरल्यासारखं केलं, मग डोळे मिटून हात सरळ वर नेला.

साहेबांना हे दिसायला हवं होतं. पण प्रश्न विचारता विचारताच ते 'कुणी नाही' असं लिहायला खाली वाकले होते. सावकाश लिहून, शाई वाळवून त्यांनी मान वर केली, तोवर हात दुखून खाली आले होते. गाड्या भरल्या गेल्या आणि दिवस मावळायच्या आत वेशीबाहेर पडल्या.

कुणीही उपाशी असल्याचं कुणाच्याही पाहण्यात आलं नाही, असा अहवाल वर गेला, आणि त्यात तसं खोटं काही नव्हतं. त्या वेळी मठात उघड्या डोळ्यांनी समोर बघणारं तुमच्याखेरीज कुणीच नव्हतं, वाचकहो. सगळे हात तुम्ही पाहिलेत, आणि निवांतपणे पुढचं वाचत राहिलात. असो. तुमचं जेवण झालं असेल.