सुखदेव आकडा बोलत नाही

सुखदेव टेबलावर पालथा पडला होता, कमरेत तीन सुया खुपसलेल्या होत्या, आणि तो डॉक्टरला म्हणत होता, "आधी तुमी बोला जी."

डॉक्टरनं एवढंच विचारलं होतं, की काका, रोज दहापैकी किती दुखतं?

हा माझा धाकटा भाऊ, मला बाई म्हणतो. आम्ही भंडाऱ्याजवळच्या कारध्याचे. त्यानं सारी उमर बैलबाजारात दलाली केली. तिथे भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि खालून बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. बाजार सुटला, सवय सुटली नाही. बायको होती तेव्हा तिनं पोळ्या किती वाढू विचारलं, की हा तिच्या हातावर टॉवेल टाकायचा. एकदा तिनं टॉवेलाखाली गरम उलथनं दिलं. त्या दिवशी आकडा शेजाऱ्यांनाही ऐकू गेला.

कोणी वय विचारलं तर म्हणतो, "तुमी किती धरता?" ताप मोजून कंपाउंडर म्हणाला, एकशे दोन आहे. हा म्हणाला, "शंभरावर जमवा, नेहमीचं गिऱ्हाईक आहे."

कमरेचं दुखणं मात्र घासाघीस ऐकत नव्हतं. सकाळी दाराची चौकट धरल्याशिवाय तो सरळ होईना. विचारलं की म्हणे, "काई नाई बाई, मामुली आहे." गोळ्या झाल्या, मालिश झाली, पट्टा झाला. मग भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, की दुखण्याची खबर मेंदूकडे नेणारी बारीक नस असते. सुई घालून, रेडिओ लहरींनी तापवून ती नस भाजायची. नस पुन्हा वाढते, पण तोवर काही महिने, कधी वर्षभर आराम पडतो.

सुखदेव म्हणाला, "दोन वर्षाचं करा."

डॉक्टरच्या भिंतीवर हसऱ्या-रडक्या तोंडांचा तक्ता होता. दुखणं कोणत्या तोंडाएवढं आहे ते बोट ठेवून दाखवायचं. शिकलेल्या लोकांना दुखणंही चित्रातच कळतं. सुखदेवनं तक्ता नीट पाहिला आणि म्हणाला, "यातला एकबी आपल्या गावचा नाई."

भाजण्याआधी सुईतून हलका करंट सोडतात. झिणझिण्या दुखण्याच्याच जागी आल्या तर नस बरोबर. हे पेशंटनंच सांगायचं असतं, म्हणून त्याला जागं ठेवतात.

"इथंच का, काका?"

"जवळपास."

"जवळपास म्हणजे?"

"थोडं तुमी सरका, थोडं मी सरकतो."

डॉक्टर वैतागला. "चुकीची जागा भाजली तर दुखणं तसंच राहील. खरं सांगायचं नसेल तर मी सुया काढतो."

मी दाराबाहेरून सारं ऐकत होते. मग नर्स मला न्यायला आली. लकव्यानं माझी डावी बाजू गेली आहे, म्हणून चाकाच्या खुर्चीसकट आत ढकललं. अंगावर एक्स-रेसाठीचा शिशाचा कोट चढवला.

मी म्हटलं, "डॉक्टर, हा तोंडानं खरं बोलणार नाई. एक टॉवेल द्या."

"कशाला?"

"द्या तर. हातात दिलेला आकडा हा फिरवत नाई."

हिरवं कापड मिळालं. माझा चांगला हात मी त्याच्या हाताशी नेला आणि वरून कापड टाकायला लावलं. "सुखदेव, जागा बरोबर असली तर सारा हात दाब. नसली तर एकच बोट."

"बाई, तू बाहेर जाय ना."

"काहून? मी काय तुयं गिऱ्हाईक फोडून राहिली?"

करंट सोडला. एक बोट. डॉक्टरनं सुई सरकवली. पुन्हा एक बोट. तिसऱ्यांदा त्यानं हात असा आवळला की माझी बांगडी मनगटात रुतली.

"हीच," मी म्हटलं.

बाकीच्या दोन सुयाही तशाच बसवल्या. डॉक्टर खूश झाला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "आता तेवढं रोजचं दुखणंही विचारून घ्या, दहापैकी."

मी विचारलं. सुखदेवनं माझी पाची बोटं दाबली. सोडली. पुन्हा पाची दाबली.

"दहा," मी म्हटलं.

"दहा?" डॉक्टर खाली वाकला. "काका, रोज काय उचलता तुम्ही?"

"काई नाई जी. घरचं सामान."

"कोणतं सामान?"

मी म्हटलं, "सामान मी आहे जी. खाटेवरून मोरीत, मोरीतून खुर्चीत, मले हाच उचलते."